शाबूत फूल

घोंगडी उलगडली आणि रॉइसचा हात तिथेच थांबला. बंदुकीच्या नळीच्या मुळाशी शेवंतीचं फूल कोरलेलं असायला हवं होतं. तिथे आता नुसतं उघडं, पांढरं लोखंड होतं. कानशीचे ओरखडे ताजे होते, लोखंडाचा कीस घोंगडीत सांडला होता.

"बाबा," तो म्हणाला, "हे कोणी केलं?"

त्याचे वडील वर्लिन टेबलामागच्या घडीच्या खुर्चीवर बसून सँडविच खात होते. डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा पावाच्या चारी बाजूंनी बाहेर लोंबत होता आणि ते तो कडेकडेने संपवत होते.

"मीच. काल," ते म्हणाले. "गवताच्या यंत्राची पाती घासायची कानस आहे ना, तिने."

जत्रेच्या मैदानावरच्या या पत्र्याच्या हॉलमध्ये दर वसंतात बंदुका जमवणारे टेबलं मांडतात, आणि प्रत्येकाचं खूळ निराळं. पलीकडचा ओडेल फक्त दस्ता करवतलेल्या जर्मन बंदुका जमवतो. सैनिकाने पिशवीत मावावी म्हणून ती कापून घरी आणली, एवढ्यावर तो खूश. रॉइसला वेड जपानी बंदुकांचं, आणि त्याही फूल शाबूत असलेल्या. शेवंती हे तिकडच्या सम्राटाचं चिन्ह. शरणागतीत जमा झालेल्या बंदुकांवरून ते आधी घासून टाकलं जायचं. फूल शाबूत, म्हणजे ती बंदूक कुणी खाली ठेवलेली नाही, लढाईत उचललेली आहे. त्या एका फुलासाठी रॉइसने अर्धं आयुष्य घालवलं होतं. मागच्या फळीवर त्याने त्या ओळीने लावल्या होत्या आणि मधली जागा मोकळी ठेवली होती. तिथे वडिलांनी स्वतः महायुद्धात जपानच्या ओकिनावा बेटावरून आणलेली लागणार होती. मिसरूड फुटल्यापासून तो ती मागत होता. गेल्या रविवारी वडील एकदाचे हो म्हणाले, आणि आज सकाळी स्वतःच ती घेऊन आले.

ओडेलने मान लांब करून पाहिलं. "वर्लिनकाका, त्यापेक्षा पोराचं नाक घासायचं होतंत. कमी रडला असता."

"तू गप रे," रॉइस म्हणाला. मग वडिलांकडे वळला. "द्यायची नव्हती तर सरळ नाही म्हणायचं. पन्नास वर्षं कपाटात धक्का लागला नाही तिला, आणि माझ्या हातात यायच्या आदल्या दिवशी तुम्हाला कानस आठवली? आता मांडणीला बक्षीस देणारे परीक्षक येतील. काय दाखवू मी त्यांना? कुणीही बघून म्हणेल, शरण आलेल्याची आहे."

"म्हणू दे."

"म्हणू दे काय? सगळं मातीत घातलंत तुम्ही."

वर्लिननी सँडविच कागदावर ठेवलं. त्यांच्या मानेवरची शीर फुगली होती.

"तुझं ते भाषण म्हण बघू," ते म्हणाले. "येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतोस ते. फूल शाबूत, म्हणजे काय?"

"तुम्हाला माहीत आहे."

"म्हण."

रॉइस दात आवळून म्हणाला, "म्हणजे याच्या मालकाने हात वर केले नाहीत. शेवटपर्यंत लढला, तेव्हा कुठे ही हातातून सुटली."

"गेल्या वर्षी याच खुर्चीवर बसून मी ते दिवसभर ऐकलं. लोक टोप्या काढत होते. माझ्या बंदुकीलाही तू हेच चिकटवणार होतास."

"कारण तेच खरं आहे. तुम्हीच आणलीत ना ती?"

"कशी आणली, विचारलंस?"

"हजारदा विचारलं. दर वेळी उठून गोठ्यात निघून गेलात." रॉइसचा आवाज चढला. दोन टेबलांपलीकडचे लोक बघायला लागले. "हजारदा, बाबा. आईच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा विचारलं."

वर्लिननी हात विजारीला पुसले आणि उठले. घोंगडीवरून बंदूक उचलली. चुकून गोळी सुटू नये म्हणून दारावरच्या माणसाने खटक्याला बांधलेली प्लास्टिकची पट्टी तिच्यावर तशीच होती. त्यांनी बंदूक आडवी करून दोन्ही तळव्यांवर घेतली आणि हात लेकासमोर लांब केले.

"जिची होती तो गुहेच्या तोंडाशी उभा होता," ते म्हणाले. "तुझ्या धाकट्या पोराएवढा. असा. डोकं खाली."

ओडेल आपल्या टेबलाकडे वळून उगाच काहीतरी पुसू लागला.

"आधी गोळी घातली," वर्लिन म्हणाले. "मग घेतली."

हॉलच्या टोकाला कुणीतरी परीक्षक आल्याचं ओरडून सांगत होतं.

"त्याने ती दिली होती. इतकी वर्षं ते फूल कपाटात बसून खोटं बोलत होतं, आणि तू त्याला टाळ्या मिळवून देणार होतास." त्यांचा आवाज रागाने कापत होता. तो राग लेकावर होता की आणखी कुणावर, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "घे आता. मधोमध लाव. कुणी विचारलं तर सांग, शरण आलेल्याची आहे."

बंदूक जड होती आणि वर्लिनचं वय झालं होतं. तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"घे ना," ते म्हणाले.

रॉइसचे हात खिशातून बाहेर येईनात.