घळीतला पाहुणा

"ती हिरवी नेस," गौरम्मा म्हणाली. "असल्या विटक्या साडीत पाहुण्यापुढं बसू नगं."

उमादेवीनं हिरवी नेसली. कोण पाहुणा, असं तिनं विचारलं नाही. नवरा चन्नबसप्पा काविळीनं गेल्यापासून ती सासूला काहीच विचारत नसे. खा म्हटलं की खायची, झोप म्हटलं की झोपायची. मिरची-मसाल्याचं दुकान दोघी मिळून चालवायच्या आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसायचं.

गौरम्मा आरशापुढं भांग काढत होती. तिचं वय तसं फार नव्हतं. चन्नबसप्पा झाला तेव्हा ती पोरच होती. पण उमादेवीला ती पहिल्यापासून म्हातारीच वाटायची.

"वीरभद्र नाव. उदगीरचा, आपल्यातलाच. बायको वारली, पोरबाळ न्हाई. दुकानात येतो की अधूनमधून. आज नीट बघून घे त्याला. पटलं तर हो म्हण, न्हाई तर न्हाई म्हण. तुझ्यावर जबरदस्ती न्हाई."

"बरं, आत्याबाई."

तो माणूस तिला आठवला. जिल्हा झाला तेव्हा बदलून आलेला कारकून. एकट्या जिवाला एवढी मिरची कशाला लागते, असं तिच्या एकदा मनात आलं होतं. आता कळलं.

हे कधीतरी होणारच होतं. त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न काही नवं नव्हतं. तरण्या सुनेला सासूनं किती दिवस सांभाळायचं? तिला वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही.

पाहुण्याला भेटायला दोघी घळीकडं निघाल्या तेव्हा रस्त्यावर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. लातूर जिल्हा झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाणी तेवढं यायचं राहिलं.

घळीचं मात्र वेगळं होतं. जुन्या ओढ्यानं ऐन गावाच्या मध्यात कापलेली ही खोल जागा; नव्या साहेबांनी तिथं पायऱ्या बांधल्या, बाकं टाकली आणि बाग म्हणून पाटी लावली. झाडं आधीचीच होती. करंज, उंबर, चिंचा. चार पायऱ्या उतरलं की ऊन वरच राहायचं. एका कपारीतून अजून पाणी झिरपत होतं आणि खाली त्याचं डबकं झालं होतं. रविवारी लोक धपाटे बांधून घेऊन यायचे, सावलीत आडवे व्हायचे, पोरं फांद्यांना लोंबकळायची.

"अगं, कसं गार लागतंय बघ!" गौरम्मा म्हणाली.

"हो."

गार आहे हे उमादेवीला कळत होतं. शेजारच्या घरात सण आहे हे जसं कळतं, तसं.

वीरभद्र चिंचेखाली उभा होता. कानशिलावर पिकलेला, धुतलेल्या सदऱ्यातला, घाबरलेला. "शरणार्थी," असा लिंगायतांचा नमस्कार करत त्यानं हात जोडले. हातातली शेंगदाण्याची पुडी द्यायची विसरून तो तीच चुरगाळत बसला.

"दुकानाचं कसं करायचं?" त्यानं गौरम्माला विचारलं.

"उमा बघंल की. माझ्यापरीस तीच पक्की हाय."

म्हणजे लग्न झालं तरी मिरच्याच, उमादेवीच्या मनात आलं.

"आणि राहायचं?"

"ते तिघं मिळून ठरवू." गौरम्मा उठली. "मी पाण्यात पाय सोडून येते. तुमी बोला."

ती खाली उतरली. निऱ्या वर खोचून तिनं डबक्यात पाय सोडले आणि कुणाच्या तरी चिमुरडीवर पाणी उडवलं. पोरगी किंचाळली तशी गौरम्मा मोठ्यानं हसली. असलं हसणं उमादेवीनं त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. माझं ओझं उतरणार म्हणून हसतेय, तिला वाटलं. छातीत कुठंतरी बारीक टोचलं आणि लगेच थांबलं.

"माझं वय तुम्हाला दिसतंयच," वीरभद्र म्हणाला. "लोक हसतील."

"हसू द्या."

"चन्नबसप्पाचा फोटो आहे तिथंच राहील. त्याच्याबद्दल मी कधी वावगं बोलणार न्हाई. तुम्हालाही घरात परकं वाटू देणार न्हाई." तो थांबला. "मोठं माणूस म्हणून विचारावं असं तुमच्या घरात दुसरं कुणी न्हाई, म्हणून तुम्हालाच विचारतो. भिडेखातर हो म्हणू नका."

उमादेवीनं खाली बघितलं. हो आणि नाही, दोन्ही तिला सारखीच वाटत होती. पण खाली ती बाई अजून हसत होती. ते हसणं थांबू नये एवढंच तिला वाटलं. फार दिवसांनी काहीतरी वाटलं.

"माझी हरकत न्हाई," ती म्हणाली.

वीरभद्रचे डोळे भरून आले. तो उठला आणि लेकीच्या वयाच्या त्या बाईपुढं त्यानं वाकून हात जोडले.

"तुमच्या सासूबाईंची एकच अट होती," तो म्हणाला. "'सुनेनं हो म्हटलं, तरच मी तुमच्याशी लग्न करीन,' असं त्या मला म्हणाल्या होत्या."