शवपेट्यांचं घर

"किल्ली टाका इकडे, मोक काका, नाहीतर कुलूप फोडते," यूक-हिंग म्हणाली.

तिच्यामागे पावसात गावची माणसं कुडकुडत उभी होती. कँटन जपान्यांच्या हाती पडलं तशी ती जीव मुठीत धरून हाँगकाँगला आली आणि फुटपाथवर पडली. परवा त्यांच्यातलं एक तान्हं गारठून गेलं. गोरा साहेब म्हणाला, बांबूच्या झोपड्या पुढच्या महिन्यात मिळतील. पुढच्या महिन्यात! साहेबाचे घोडे मात्र कोरड्या तबेल्यात होते. हाँगकाँगात आधीपासून राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने जागा शोधायचं काम यूक-हिंगच्या गळ्यात मारलं होतं. इथेच शिवणकाम करून पोट भरणारी विधवा, ती नाही कशी म्हणणार? तिने सगळ्यांचे उंबरे झिजवले. आणि इथे टेकडीवर मंडळाचंच कौलारू घर कोरडं ठणठणीत होतं. परमुलखात मेलेल्या गावकऱ्यांच्या शवपेट्या तिथे गावाकडच्या बोटीची वाट बघत ठेवल्या होत्या. आता बोटी बंद होत्या. गावात जपानी सैन्य बसलं होतं.

राखणदार मोक काका दारात हात पसरून उभे राहिले. "मेलेल्यांच्या घरात जिवंत माणसं घुसवतेस? पितर शाप देतील."

"देऊ देत! मेलेले छपराखाली आणि जिवंत गटारात. याहून मोठा शाप कसला देणार आहेत?"

तिने त्यांच्या कमरेची किल्ली हिसकावली आणि दार सताड उघडलं. "चला आत."

कोणी हललं नाही.

गर्दीतल्या लुक आजीच्या सुनेचे दिवस भरले होते. भिंतीला टेकून ती कण्हत होती. आजीनेच तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. "प्रेतांच्या शेजारी बाळंतपण? नको गं बाई. त्यापेक्षा पाऊस बरा."

यूक-हिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मरा भिजून! साहेब नाही म्हणतो, काका नाही म्हणतात, आता तुम्हीही म्हणा! कोणाकोणाच्या पाया पडू मी?" संतापाने तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून ती आणखीच संतापली.

मोक काकांना जोर चढला. "बघ, त्यांना कळतं, तुला नाही कळत." ते आत गेले आणि दाराजवळच्या पेटीवर त्यांनी हात ठेवला. "हा आ-फुक. जहाजावर स्वयंपाकी होता. शेवटपर्यंत घरी न्या, घरी न्या म्हणत होता. मी शब्द दिलाय त्याला. तुम्हाला जागा करायला त्याला अंगणात काढू?"

लुक आजीने मान वर केली. "कुठला आ-फुक? तळ्याकाठच्या कुंभाराचा?"

"तोच."

"आमच्या बदकांची अंडी पळवायचा, द्वाड कुठला!"

आजीने दारातून पेटीकडे वाकून पाहिलं. मग सुनेला हाताला धरून ती सरळ आत गेली. पेटीशेजारच्या कोरड्या फरशीवर तिने गाठोडं टाकलं, सुनेला बसवलं आणि पेटीवर थाप मारली.

"सरक रे जरा, आ-फुक. गावाला जायचं म्हणून अडून बसलास ना? घे, गावच आलंय तुझ्याकडे."