निकिताचा सत्कार

पिंपळथडी जवळ आली तसा सूर्यभान पुढच्या सीटवरून मागं वळला.

"साहेब, या गावात एकच बोलायचं. पूल. गेल्या पावसाळ्यात शाळेतून येताना निकिता नावाची पोरगी ओढ्यात वाहून गेली. नववीत होती. दुसऱ्या दिवशी मढं घावलं. आईबाप समोरच बसलेले असतेन. मी शब्द दिलाय त्यांना, साहेब पुलाचं बोलतेन म्हणून."

साहेबांचं बोट मोबाईलवर फिरत होतं. "निकिता. शाळा, ओढा, पूल. ठीक." त्यांनी काच खाली केली, बाहेरचं ऊन बघून पुन्हा वर घेतली. "सूर्यभानजी, ही सीट आपण शेवटची कधी हरलो?"

"माझ्या ध्यानात तरी न्हाई. इथं लोक माणूस बघत न्हाईत साहेब, चिन्ह बघतेत."

हे सांगताना त्याला नेहमी बरं वाटायचं. ते चिन्ह घरोघर पोचवण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. या वेळी तिकीट त्यानंही मागितलं होतं. मिळालं साहेबांना. साहेबांनी हा जिल्हा पहिल्यांदा बघितला तो अर्ज भरायला आले तेव्हा.

"मग ही धूळ कशाला खायची?" म्हणून साहेब हसले. सूर्यभानही हसला.

शाळेपुढं ट्रॅक्टरची ट्रॉली लावून स्टेज केलं होतं. वर मंडप, खाली सतरंज्या. पहिल्या रांगेत निकिताचा बाप लिंबाजी मान खाली घालून बसला होता. शेजारी तिची आई राजेश्री. सूर्यभान माईक घेऊन उभा राहिला तेव्हा तिनं त्याच्याकडं बघून हलकेच मान हलवली. त्याच्या सांगण्यावरूनच ती आली होती.

साहेब चांगले बोलले. मातीबद्दल बोलले, माऊलींबद्दल बोलले. मग त्यांचा आवाज चढला.

"आणि या गावची लेक निकिता! पुलाची वाट न बघता ओढ्याचं पाणी कापत शाळेत जाते! ही जिद्द मला दिल्लीला सांगायचीय. आज तिचा सत्कार केल्याशिवाय मी जाणार नाही. निकिताताई, वर या!"

मंडपात कुणी हललं नाही. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मागं गाड्यांबरोबर आलेली पोरं उभी होती. त्यांना गाव माहीत नव्हतं, टाळ्या कुठं वाजवायच्या ते माहीत होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

राजेश्री उठली. लिंबाजीनं तिचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. ट्रॉलीवर चढताना कुणीतरी हात पुढं केला, तोही तिनं धरला नाही.

"आई आल्या!" साहेब माईकवर म्हणाले. "लेक अभ्यास करत असणार, म्हणून आई आल्या!" त्यांनी माईक सूर्यभानकडं दिला, तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि फोटोवाल्याकडं तोंड केलं. "थोडं हसा, ताई."

राजेश्रीनं साहेबांकडं बघितलंच नाही. ती सूर्यभानकडं बघत होती.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "सांगा की यांना."

माईक सूर्यभानच्याच हातात होता. सगळा गाव त्याच्याकडं बघायला लागला. लिंबाजीनंही मान वर केली. ती पोरगी गेली म्हणून सांगायचं, एवढंच होतं. त्यानं माईक तोंडाशी नेला, घसा साफ केला आणि त्याच्या तोंडून निघालं, "बोला, आपल्या साहेबांचा..."

"विजय असो!" मागची पोरं ओरडली.

राजेश्री खाली उतरली. शाल तिच्या खांद्यावर तशीच होती. नवऱ्याशेजारी न बसता ती सरळ मंडपाबाहेर निघून गेली. लिंबाजी तिच्यामागं गेला. त्यांना वाट द्यायला लोकांनी पाय आखडून घेतले.

गाडी गावाबाहेर पडल्यावर साहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, "छान झालं. लोक भावुक झाले होते."

"साहेब, ती पोरगी वारलीय."

"कोणती?"

"निकिता. पुरात."

साहेबांनी मोबाईल खाली ठेवला. "अहो, मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं, साहेब."

 मग साहेबांनी कुणालातरी फोन लावून आजचे फोटो टाकू नका म्हणून सांगितलं. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "या गावात आपल्याला फटका बसेल का?"

"न्हाई साहेब. इथं कधी बसत न्हाई."

बोलून झालं आणि सूर्यभानला आपल्याच तोंडाची किळस आली.  

साहेबांचा जीव मात्र भांड्यात पडला होता. त्यांनी मागं डोकं टेकलं. "पुढच्या गावात कुणी वारलंय का? आत्ताच नीट सांगून ठेवा."

सूर्यभाननं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबीव रे."

गाडी थांबली. साहेबांना वाटलं, लघवीला जायचं असेल. "लवकर या," ते म्हणाले.

सूर्यभान उतरला. गळ्यातला पक्षाचा गमछा काढून त्यानं सीटवर ठेवला, दार लावलं आणि पिंपळथडीच्या दिशेनं चालायला लागला. राजेश्रीच्या दारात जाऊन काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं. ती दार उघडील का, तेही माहीत नव्हतं.

ताफ्यातल्या मागच्या गाड्या समोरून येत होत्या. एकीच्या खिडकीतून एक पोरगा कमरेपर्यंत बाहेर आला होता. रस्त्यानं कुणी माणूस एकटाच चाललेला बघून त्यानं दोन्ही हात जोडले.

"काका, चिन्ह ध्यानात ठेवा बरं का!" तो ओरडला.