पोर्टलंडचा सौदा

“एल्विओसारख्या शॉर्टस्टॉपसाठी दोन पिचर कमी आहेत,” बेसबॉल संघासाठी खेळाडू पारखणारा ऑर्विल म्हणाला. “वर अजून एक मागा.”

“ते देणार नाहीत,” थेरॉन म्हणाला. संघाची आकडेमोड त्याच्याकडे होती: चेंडू फेकणारा पिचर किती मोलाचा, मैदानात चेंडू अडवणारा शॉर्टस्टॉप किती मोलाचा. “माझ्या हिशेबाने दोन पिचर म्हणजे आपलाच फायदा आहे. एल्विओचा जुलै बघा ना. बॅटला चेंडू लागत नाही त्याच्या.”

“तुझ्या हिशेबात पाय मोजता येतात का रे? जमिनीलगत आलेला चेंडू तो कसा उचलतो, ते येतं का त्यात?”

“येतं की.”

“मग तुझा तक्ता माझ्यापेक्षा शहाणा. मी जातो घरी.”

ग्रेटा हसली नाही. संघाची व्यवस्थापक म्हणून हे तिचं तिसरं वर्ष. सकाळपासून ती खुर्चीत टेकली नव्हती. संध्याकाळी सहाला अदलाबदलीची मुदत संपत होती आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. लुईव्हिलच्या उन्हात मैदानावर पाणी मारणं चाललं होतं.

“डेन्व्हरवाले तीन द्यायला तयार आहेत,” थेरॉन म्हणाला.

“डेन्व्हर नको. पोर्टलंड.”

“पण तीन म्हणजे...”

“पोर्टलंड म्हटलं ना!”

ऑर्विलने तिच्याकडे पाहिलं. असा हट्ट तिचा स्वभाव नव्हता. एकदा का वरच्यांनी विकायचं ठरवलं की कुणाचं काही चालत नाही, हे त्याने चाळीस वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं. घासाघीस असते ती नुसती वरवरची.

एल्विओ कापेयान त्याला सापडला होता दूरच्या एका बेटावर, बानी नावाच्या गावाजवळच्या माळावर. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, पायात दोन वेगवेगळे बूट. आठ वर्षं झाली त्याला. ऑर्विलची बायको गेल्यापासून दर रविवारी दुपारी एल्विओ त्याच्याकडे जेवायला यायचा, स्वतःच भात आणि राजमा शिजवायचा, आणि वर आदराचं स्पॅनिश ‘डॉन’ लावून म्हणायचा, “डॉन ऑर्विल, तुमच्या देशात लोक मीठ विसरलेत.” त्या घरात आठवड्यातून तेवढंच काय ते हसणं.

महिनाभर मात्र तो गप्प होता. बायको योकास्ता माहेरी गेलेली, खेळ बिघडलेला. गेले दोन रविवार तो आलाच नव्हता. विकले जाण्याच्या धास्तीनेच पोरगा खचलाय, याबद्दल ऑर्विलच्या मनात शंका नव्हती.

“पाय मोकळे करून येतो,” म्हणून तो उठला.

जिना उतरून तो गाड्या लावायच्या जागेत गेला. दोन फेऱ्या मारल्या. फोन काढला, खिशात ठेवला, परत काढला. पोर्टलंडसाठी खेळाडू पारखणारा मर्ल टिबेट्स त्याचा तीस वर्षांचा दोस्त. गावोगावच्या स्वस्त लॉजमध्ये एका खोलीत राहिलेले दोघे. एकमेकांना त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं.

“मर्ल, माझं नाव कुठे यायला नको.”

“बोल.”

“कापेयानचा डावा गुडघा गेलाय. सकाळी बर्फ बांधून बसतो. कागदावर सापडणार नाही तुम्हाला.”



“ऑर्विल, आता तपासायलाही वेळ नाही रे.”

“म्हणूनच सांगतोय.”

“तू सांगतोस म्हणजे झालंच. उपकार झाले तुझे.”

वर ज्याच्यासाठी तिसरा पिचर मागितला, त्यालाच खाली टाकाऊ ठरवून ऑर्विल जिना चढला.  हात धुऊन तो पुन्हा टेबलाशी बसला आणि थेरॉनशी पहिल्यापेक्षा जोरात भांडू लागला.

पाच वाजता पोर्टलंडने विचार करतो म्हणून सांगितलं. साडेपाचला एकच पिचर देऊ केला. ग्रेटा म्हणाली, “चालेल.” थेरॉनचं तोंड उघडंच राहिलं.

“एकाला? अहो, फुकट घालवताय त्याला!”

“चालेल म्हटलं!”

ऑर्विलने घड्याळाकडे पाहिलं. आता काय? पण पलीकडचा फोन पावणेसहापासून लागेना. ग्रेटा खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. सहाला दोन मिनिटं असताना फोन वाजला. तिने ऐकून घेतलं आणि फोन टेबलावर ठेवला.

“नको म्हणाले. आपण काहीच न घेता पाठवला तरी नको. कारण सांगत नाहीत.”

घड्याळात सहा वाजून गेले. ग्रेटा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. ऑर्विलला तिची थोडी कीव आली. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. तो बाहेर पडला. येत्या रविवारी स्वतः बाजारातून राजमा आणायचा, असं मनाशी ठरवत तो व्हरांड्यात आला.

समोरून एल्विओ जवळजवळ धावतच येत होता. खांद्यावर बॅग, हातात आणखी एक. महिनाभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा फुलला होता. बॅगा खाली टाकून त्याने ऑर्विलला घट्ट मिठी मारली.

“डॉन ऑर्विल, तुमच्यापासूनसुद्धा लपवलं, राग मानू नका. ग्रेटाबाईंनी शपथ घातली होती. मीच जायला मागतोय हे कळलं तर माझा भाव पडेल म्हणाल्या. योकास्ताची आई पोर्टलंडला असते. काल पहाटे मुलगी झाली, सातव्या महिन्यातच. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. तीन महिने तरी तिथून हलवता येणार नाही म्हणतात. आता रोज मॅच संपली की तिच्याकडे जाता येईल.” त्याने ऑर्विलचे दोन्ही खांदे धरले. “टॅक्सी खाली थांबलीय. सह्या झाल्या ना?”