जन्माची खोट

बब्रुवानरावांनी रिपोर्टची फाइल रुमालात धरून जीपमधून आणली आणि सतरंजीवर टाकली. मग तो रुमालही झटकला.

"तात्या, ह्याच्यात सगळं हाय. जीन खराब हाय म्हणून लिवलंय. जीन म्हंजी बी. बियाणंच किडकं होतं, अन् तुमी ते आमच्या गळ्यात मारलं."

कोंडीरामानं फाइलकडं पाहिलं नाही. त्याची थोरली नात शिवांजली दाराआड उभी होती. लग्नाच्या दहाव्या महिन्यात रक्ताचा कॅन्सर निघाला, तशी सासरच्यांनी तिला माहेरी, अणदूरला आणून सोडलं होतं. पोरींना बाप नव्हता. त्यांच्या वतीनं बोलायचं ते आज्यालाच. बब्रुवानराव तिचे सासरे. नवरा कृष्णराज जीपमधून उतरलाच नव्हता, काच वर करून मोबाइलमध्ये बघत बसला होता.

कोंडीरामानं सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. सोलापूरच्या डॉक्टरांकडून त्यानं तो मराठीत लिहून घेतला होता. पन्नाशीनंतर अक्षरं शिकलेला माणूस. वाचताना बोट शब्दाखालून सरकवत न्यायचा.

"'हा बिघाड जन्मापासूनचा नाही,'" त्यानं वाचलं. "'अस्थिमज्जेतल्या एका पेशीत दोन जनुकांचे तुकडे चुकून एकमेकांना जोडले गेले. त्या जोडातून एक प्रथिन तयार होते. ते रक्तपेशींची वाढ थांबू देत नाही. रोजच्या गोळीने ते रोखता येते. हा दोष आईवडिलांकडून आलेला नाही. मुलाबाळांना जाणार नाही.' खाली सही हाय. शिक्का हाय."

बब्रुवानरावांनी तंबाखूची पिंक भिंतीच्या कडेला टाकली. ती ओघळत खाली आली.

"म्हंजी पोरगी चांगली होती अन् आमच्या घरात नासली, असं म्हणायचंय तुमाला?"

"तसं कोण म्हणतंय?"

"मग दुसरं काय? जन्माचं न्हाय म्हंजी आमच्याकडंच झालं. पाणी आमचं, खाणं आमचं. उद्या आमच्या दारात पोरगी द्यायला लोक कचरतील की!"

कुणाचीच चूक नाही, ही गोष्ट त्या बैठकीत कुठं ठेवावी तेच कोंडीरामाला कळत नव्हतं.

सोयरीक जुळवणारा बिभीषण मध्ये पडला. त्यानं लिहून आणलेला बाँड पुढं सरकवला. राजीखुशीनं फारकत. मुलीच्या बीजात जन्माची खोट होती, ती माहेरच्यांनी लपवली.

"'लपवली' खोडू," तो म्हणाला. "'माहीत नव्हती' लिवू. दोघांचाबी मान ऱ्हातोय. कोर्टात गेलं तर चार वरसं नुसते हेलपाटे, तात्या. अन् पोरगी आजारी. मिटवून टाका."

"अन् 'जन्माची खोट'?"

"ती ऱ्हाऊ द्या. तेवढं तर पाव्हण्यांना पायजेच."

"आबा," दाराआडून शिवांजली म्हणाली, "करा सही. मला तिकडं जायाचंच न्हाय."

कोंडीरामानं पेन घेतलं. डॉक्टरांचा कागद एका मांडीवर, बाँड दुसऱ्या मांडीवर. एकात जे नाही म्हटलं होतं, तेच दुसऱ्यात आहे म्हणून लिहिलं होतं. पोर सुटेल तरी, असं मनाशी म्हणत त्यानं बाँडच्या खाली आपल्या नावाचा 'को' काढला.

तेवढ्यात धाकटी आरोही चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. बब्रुवानरावांनी कपातला चहा बशीत ओतला, पण बशी तोंडाला न लावता ते पोरीकडं बघत राहिले.

"ही धाकटी व्हय? किती शिकली?"

"बारावी झाली औंदा," बिभीषणच म्हणाला. जणू हा प्रश्न येणार हे त्याला आधीच ठाऊक होतं.

बब्रुवानरावांचा आवाज एकदम मऊ झाला. "तात्या, सोयरीक तोडायची आमाला काय हौस न्हाय बगा. मोठीला ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, गोळ्या खाऊ द्या. ही द्या आमाला. कृष्णराजला इचारलंय आमी, त्याला चालती."

जीपची काच खाली झाली.

"हिचंबी बियाणं तेच की, पाव्हणं," कोंडीराम म्हणाला. "दोघी एकाच आईच्या पोटच्या."

"तपासून घिऊ की! रक्त काढून दिलं की कळतंय. चांगली निघाली तर औंदाच बार उडवू." त्यांची नजर आरोहीच्या हातावर होती. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं सुई खुपसतात तिथं.

जनावराच्या बाजारात दात बघणारी माणसं कोंडीरामानं जन्मभर पाहिली होती. ती निदान आधी जनावराच्या पाठीवरून हात तरी फिरवायची. 'को' काढलेली आपलीच बोटं त्याला धोतराला पुसावीशी वाटली. ती त्यानं पुसली. मग पेनाला टोपण लावलं.

"आरोही," तो म्हणाला, "पाव्हण्यांचा च्या आत ने."

पोरीला आधी समजलंच नाही. मग तिनं एकेकाच्या हातातली कपबशी काढून ट्रेमध्ये ठेवायला सुरुवात केली. बिभीषणानं आपली मुकाट्यानं परत दिली. बब्रुवानरावांनी नुकताच बशीतला चहा तोंडात घेतला होता. त्यांचे गाल फुगलेले, डोळे कोंडीरामावर. आता घोट गिळावा की थुंकावा, त्यांना कळेना. आणि आरोही बशीसाठी हात पुढं करून त्यांच्यासमोर उभी होती.