उंदरांचं औषध

अपघातात निरंजनच्या मेंदूतला, शरीराची ऊब काबूत ठेवणारा भागच दुखावला होता. महिनाभर तो तापाने फणफणत होता. गोळ्या झाल्या, बर्फ झाला, कशाचीच मात्रा चालेना.

उशाशी बसलेली त्याची बहीण मृण्मयी प्रयोगशाळेत नेमकं शरीराची ऊब उतरवण्यावरच काम करायची. मेंदूतच तयार होणाऱ्या पेप्टाइड नावाच्या एका रसायनाचा थेंब टोचला, की तिचे उंदीर बघता बघता गार पडत.

"ताई, ते उंदरांचं औषध मला टोच ना," तो पुटपुटला.

"माणसांना नाही चालत रे ते."

"उंदरांना बरं वाटतं?"

"शांत झोपतात."

"आणि उठतात?"

गार पडलेला एकही उंदीर आजवर उठला नव्हता. मृण्मयी त्याच्या कपाळावरची ओली पट्टी उगाच सारखी करत राहिली.

"नसले उठत तरी दे," निरंजन म्हणाला.