सव्वादोनचा हात

बाईने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. शगुफ्ताने ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

नऊ महिन्यांनी आज तिने अहेरीच्या आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडलं होतं. दुकान म्हणजे काय, एक ताडपत्री आणि तिच्यावर काचेच्या बांगड्यांच्या पेट्या. सकाळपासून बोहनी नव्हती. एरवी तिच्यापुढे बायांची झुंबड उडायची. आज बाया थांबायच्या, "बरं हाये ना भाभी?" विचारायच्या, ओढणी जिथे एका बाजूने सपाट पडली होती तिथे डोळा टाकायच्या आणि पुढच्या दुकानात जाऊन बांगड्या भरायच्या. बाजारात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. छातीतली गाठ, नागपूरचं ऑपरेशन, गळलेले केस, सगळं तिच्या आधीच येऊन बसलं होतं. बांगड्या भरणं शुभाचं काम. मरता मरता वाचलेल्या बाईच्या हातून कोण भरून घेणार? आणि बांगड्या भरण्यावाचून शगुफ्ताला दुसरं काही येत नव्हतं. आज एकही हात पुढे आला नाही, तर पुढच्या बाजारी पेट्या उघडायची हिंमत होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हात मागे घेतलेली ही बाई मात्र हलत नव्हती. मैना. तलावावर मासे धरणाऱ्या घरची, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. तिच्या बांगडीचं माप, सव्वादोनचा हात, शगुफ्ताने झोपेतही सांगितलं असतं. तरी मैना कधी हिरव्या दाखवा म्हणे, कधी लाल. घेत काहीच नव्हती. बोलताना तोंडाकडे पाहत नव्हती. पाहत होती ती नेमकी त्या सपाट बाजूकडे.

हिला किळस येते माझी. शगुफ्ताला वाटलं.

"काऊन मैनाबाई, देता का हात?" तिने धीर करून विचारलं.

मैनाने हात दिला. गार पडलेला. शगुफ्ताने साबणाचं पाणी लावून पंजा दाबला. किमोने तिची बोटं बधिर झाली होती. हाड कुठे वळतं ते पूर्वीसारखं कळेना. पहिलीच बांगडी कट्‌कन गेली. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. पण डॉक्टरने गाठ वाढली म्हणून सांगितल्यापासून तो शब्द तिच्या जिभेवर येईना. संपलं सगळं. आता ही उठणार आणि घटकाभरात अख्ख्या बाजाराला कळणार.

मैना उठली नाही. शेजारी दोन बाया रिबिनी पाहत होत्या, त्या पुढे सरकेपर्यंत ती थांबली. मग काचेचे तुकडे बाजूला सारून तिने शगुफ्ताचा ओला हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि खाली वाकली.

"भाभी, घरी कोनाले नाई सांगतलं," ती पुटपुटली. "तुमची गाठ पयले दुखे का? माही तं नाई दुखत."